आखाजीचा मुऱ्हाळी

लेकीचं सासर समुद्रकाठच्या एका गावात आहे आणि ते गाव एका खडकामुळे प्रसिद्ध आहे. गावाचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर जावयाच्या खोल्यांची फुकट जाहिरात व्हायची, आणि मे महिन्यात त्याच्याकडे आधीच पाय ठेवायला जागा नसते. खडकाला तिथले लोक ‘चौकट’ म्हणतात. काळा कातळ, मधोमध आरपार भोक, आणि ते असं की दोन बाजूंना खांब उभे केलेत नि वर तुळई टाकलीय असं वाटावं. पांडवांनी एका रात्रीत द्रौपदीसाठी समुद्रात घर बांधायला घेतलं, दाराची चौकट उभी राहिली आणि तेवढ्यात कोंबडा आरवला, अशी कथा सांगतात. आमच्या खानदेशातही पांडवांनी अर्धवट सोडलेली कामं जागोजागी दाखवतात. इतकी कामं अर्ध्यावर टाकून इतकं पुण्य दुसऱ्या कुठल्या ठेकेदाराला मिळालं नसेल.

पण मी तिथे खडक बघायला गेलो नव्हतो. लेकीला आखाजीसाठी घरी आणायला गेलो होतो.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. इतरांकडे त्या दिवशी सोनं घेतात. आमच्याकडे तो लेकीबाळींचा सण. सासरच्या पोरी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. आणि त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. नवी लाल घागर, तिच्यावर पाण्यानं भरलेलं छोटं मडकं, त्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि शेजारी आंबे नि सांजोऱ्या. मग निखाऱ्यावर घास टाकून गेलेल्यांची नावं घ्यायची. वर्षभरात ज्या घरातलं माणूस गेलं असेल त्या घराला ती आखाजी जड जाते. माझी बायको दिवाळीनंतर गेली.

ती होती तोवर लेकीला आणायला कुणी जावं लागलं नाही. ती फोन करायची, दोघी तासभर बोलायच्या, आणि आखाजीच्या आदल्या दिवशी पोर बॅग घेऊन दारात उभी असायची. यंदा फोन मी केला. म्हटलं, कधी येतेस. ती म्हणाली, “बघते आबा.” नोकरीत सगळा जन्म साहेबांच्या तोंडून ‘बघतो’ ऐकण्यात गेला, त्यामुळे त्याचा अर्थ मला कुणी सांगायची गरज नव्हती. चार दिवसांनी पुन्हा केला. पुन्हा ‘बघते’. मग मी ठरवलं की आता मुऱ्हाळी होऊन जायचं.

लेकीला सासरहून आणायला जाणारा तो मुऱ्हाळी. पूर्वी भाऊ जायचा, भाऊ नसेल तर काका, कोणीच नसेल तर बाप. मुऱ्हाळी कधी विचारून जात नाही. तो सरळ दारात जाऊन उभा राहतो, आणि एकदा उभा राहिला की सासरच्यांना नाही म्हणता येत नाही. रिकाम्या हातानं पाठवलं तर भावकीत तोंड दाखवायला जागा राहत नाही. मी ह्या रीतीच्या भरवशावर निघालो. ही रीत तापीच्या खोऱ्यात चालते, समुद्रावर ती कुणाला ठाऊकही नसेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

घराबद्दल थोडं सांगायला हवं. मी दीपनगरच्या वीजकेंद्रात बॉयलरवर होतो. पोर तिथल्या कॉलनीत वाढली, तिथल्या शाळेत शिकली, राखेची धूळ बसलेल्या लिंबाच्या झाडाला झोका बांधून खेळली. नोकरी संपली तेव्हा क्वार्टर सोडावं लागलं. तोवर तिचं लग्न झालं होतं. मग मी आमच्या मूळ गावी, सोनगीरला, किल्ल्याच्या बाजूला घर बांधलं. बांधताना हॉलच्या स्लॅबमध्ये दोन लोखंडी कड्या बसवून घेतल्या, पोर आखाजीला येईल तेव्हा झोका हवा म्हणून. गवंडी हसला होता. म्हणाला, काका, हॉलमध्ये पंखा लावतात. मी पंखा कोपऱ्यात सरकवला.

आता त्या घरात मी एकटा. सकाळी चहा करतो तो दोन कपांचा होतो. सवयीनं नाही, भांडंच तेवढं आहे. टीव्ही चालू ठेवून स्वयंपाक करतो, कुणीतरी बोलत राहावं म्हणून. शेजारचे सुरुवातीला येऊन बसायचे, आता रस्त्यातून हाक मारतात आणि पुढे जातात. त्यांचं चुकत नाही. दुःखाच्या घरी माणसं किती दिवस बसणार?

तर सोनगीरहून धुळे, धुळ्याहून पनवेल, आणि पनवेलहून कोकणात उतरणारी लाल गाडी, असा मी पोचलो. एका पिशवीत लेकीसाठी लुगडं. तिची आई असती तर दुकानदाराला घाम फोडला असता, मी पहिलं दाखवलं तेच उचललं. दुसऱ्या पिशवीत डांगर, बिबडे आणि कुरडया. बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, मागच्या उन्हाळ्यातले, तिच्या आईच्या हातचे. डबा तळाला गेला होता. घाटात गाडी वळली की डांगर मांडीवरून घरंगळायचं आणि शेजारची बाई माझ्याकडे संशयानं बघायची.

लेकीच्या दारात पोचलो तेव्हा अंगणात तीन मोठ्या गाड्या उभ्या होत्या आणि व्हरांड्यात जेवणाची पंगत चालली होती. लेक वाढत होती. पदर खोचलेला, केस घामानं कपाळाला चिकटलेले. तिनं मला पाहिलं आणि हातातलं आमटीचं भांडं तसंच धरून उभी राहिली.

“आबा? काय झालं? बरे आहात ना?”

कुणीतरी मेल्याशिवाय आमच्याकडचा माणूस इतक्या लांब येत नाही, हे तिला माहीत होतं. मी म्हटलं, “काही नही झालं. तुले लेवाले उनू.” तुला न्यायला आलो. पाहुण्यांपैकी कुणीतरी आणखी भात मागितला आणि ती वळली.

जावई माणूस चांगला आहे. पुण्यात दोघं एकाच कंपनीत होती, तिथं जमलं. मग नोकरी सोडून त्यानं वडिलांच्या वाडीत खोल्या काढल्या. तो पळत आला, पाया पडला, म्हणाला, “फोन करायचा होतात, मी स्टँडवर आलो असतो.” त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता आणि त्याच्या मागोमाग खोली कुठली द्यायची ही काळजीही होती. सगळ्या भरलेल्या. शेवटी नारळ नि गॅसची सिलिंडरं ठेवायच्या खोलीत माझी खाट टाकली. तो दहा वेळा माफी मागून गेला. मी म्हटलं, बॉयलरवर पस्तीस वर्षं काढली, सिलिंडरांना मी घाबरत नाही. तो हसला, पण ओशाळाच राहिला.

पाहुण्यांची जेवणं झाल्यावर लेकीनं माझं पान मांडलं आणि आंब्याची फोड पुढे ठेवली. हापूस. वासानं खोली भरली होती. मी पानाकडे बघत बसलो.

“खा ना आबा. झाडावरचा आहे.”

“आखाजी कुठे झालीय अजून?”

आमच्याकडे आखाजीला पितरांपुढे ठेवल्याखेरीज नवा आंबा तोंडात घालत नाहीत. लहानपणी हीच पोर बाजारात आंब्याच्या टोपल्या दिसल्या की डोळे झाकून चालायची, बघितला तरी पाप लागतं म्हणून. आता तिनं जीभ चावली. फोड उचलली, आत नेली. परत आल्यावर हळूच म्हणाली, “इथं मार्चपासून आंबाच असतो आबा. पाहुण्यांना कापता कापता तोंडात जातोच.” मला राग आला नाही. पण यंदा आईच्या आधी हिनं आंबा खाल्ला, एवढंच मनात घोळत राहिलं, आणि असलं मनात आणणारा मी कोण, असंही वाटलं.

संध्याकाळी जावयाला बाजूला घेऊन विषय काढला. म्हटलं, हंगाम आहे, अडचण कळते, पण पहिली घागर आहे, चार दिवसांसाठी पाठवा. माझी तयारी होती वाद घालायची. वाक्यं गाडीतच जुळवून ठेवली होती. त्यानं एकही वापरू दिलं नाही. म्हणाला, “घेऊन जा की. शेजारच्या वहिनी आहेत, मी आहे, होईल सगळं. मीच तिला महिनाभर सांगतोय जाऊन ये म्हणून.”

मी स्वयंपाकघरात गेलो, म्हटलं, चल, परवानगी मिळाली, उद्याची गाडी आहे. ती पोळ्या लाटत होती. वर न बघता म्हणाली, “नाही जमणार आबा.”

“जावई तर हो म्हणतात.”

“ते म्हणतात. मला नाही जमणार.”

कारण दिलं नाही. पोळी उलटली, दाबली, फुगली, बाजूला काढली. मी दारात उभा. मुऱ्हाळ्याला सासू अडवते, नणंद टोमणे मारते, नवरा तोंड फिरवतो, हे सगळं मी ऐकलेलं. पण ज्या लेकीला न्यायला आलो तीच नाही म्हणते, तेव्हा मुऱ्हाळ्यानं काय करायचं हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं.

सकाळी उठलो तो डोकं तापलेलंच. कुणाशी बोललो नाही. जावई म्हणाला, ओहोटी आहे, चौकट बघून या, आता चालत जाता येतं. मी चपला घातल्या आणि निघालो.

रस्ता कुणाला विचारावा लागत नाही, गर्दीच घेऊन जाते. उघड्या पडलेल्या कातळावरून, शेवाळावर घसरत, माणसं त्या दाराकडे चालली होती. जवळून तो खडक खरोखर मोठा आहे. दाराच्या ह्या बाजूला समुद्र आणि त्या बाजूलाही समुद्रच. आत शिरून कुठे जायचं, हा प्रश्न पांडवांना पडला नसेल, पण मला पडला. लोक मात्र दारात उभं राहून फोटो काढण्यात दंग. नवी जोडपी, चार चार पिढ्यांची कुटुंबं, एकसारखे शर्ट घातलेल्या मित्रांची टोळकी.

तिथं मला एक गोष्ट कळली. पर्यटनाच्या जागी एकट्या माणसाचा एकच उपयोग असतो. एका बाईनं माझ्या हातात फोन दिला, “काका, आमचा सगळ्यांचा काढता?” मी काढला. ते बघून दुसरे आले. मग तिसरे. मी दारासमोर उभा, आणि एकेक घर त्या दारात येऊन उभं राहतंय, हसतंय, जातंय. आजोबांना मध्ये घ्या, बाळाचं तोंड इकडे करा, असं मी सांगायलाही लागलो. हातांना उन्हाचे चटके बसत होते पण तिथून निघवेना, कारण तेवढा वेळ लोक माझ्याशी बोलत होते. शेवटी एका मुलीनं विचारलं, “काका, तुमचा काढू का?” मी म्हटलं, “नको.” ती म्हणाली, घरच्यांना पाठवा ना. घरी कुणाला पाठवू? एवढं साधं बोलली ती, आणि मला तिथून पळावंसं वाटलं.

मी दारातून पलीकडे गेलो. तिकडे कुणी नव्हतं. पुढे एक सपाट कातळ होता, त्यावर जाऊन बसलो. समोर नुसतं पाणी. इतकं पाणी मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. आमचा उन्हाळा म्हणजे टँकरची वाट. बायकोला एकदा तरी समुद्र दाखवायचं चाललं होतं, लेक दरवर्षी बोलवायची, पण तिचा गुडघा आणि माझा कंटाळा, राहून गेलं. मी तिच्याशी मनात बोलत बसलो. तुझी पोर येत नाही म्हणते. मी काय करू सांग. तूच फोन कर तिला.

आमच्याकडे पूर म्हणजे तापीचा. तो वरच्या अंगानं येतो, गढूळ येतो, आवाज करत येतो, आणि हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की आधी बातमी येते. पाणी समोर जागच्या जागी दिसत असताना मागून भरून येतं, हे मला ठाऊक नव्हतं. मी समुद्राकडे तोंड करून बसलो होतो, आणि मी ज्यावरून आलो तो कातळ मागे हळूहळू पाण्याखाली जात होता. फोटोवाले कधीच परत फिरले होते.

“आबा!”

वळून पाहिलं तर दारात लेक उभी. गुडघ्यापर्यंत भिजलेली, धापा टाकत. मी उठून उभा राहिलो तेव्हा पाणी कातळाच्या कडेला लागलेलं दिसलं, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. ती पुढे आली, माझं मनगट घट्ट धरलं आणि लहान पोराला ओढावं तसं मला त्या दारातून ओढत बाहेर नेलं. एका लाटेनं चप्पल गेली. दुसऱ्या लाटेनं मला बसवलंच होतं, पण तिनं सोडलं नाही. वाळूवर पोचलो तेव्हा दोघंही मटकन खाली बसलो. जीवरक्षक शिट्टी वाजवत आला, मला चार शब्द सुनावले, ते मी गुमान ऐकून घेतले.

तो गेल्यावर ती रडायला लागली. तोंडावर हात न घेता, लहानपणी रडायची तशी.

“तुम्हाला काही झालं असतं तर?”

“झालं असतं तर दोघांच्या घागरी एकदमच भरायच्या,” मी म्हटलं. विनोद करायला गेलो होतो. तिला हसू आलं नाही, तिनं डोळे पुसले.

 मग तिनं आपण होऊन सांगायला सुरुवात केली. घरच्या बोलीत. लग्नानंतर तिच्या तोंडून ती बोली मी फार ऐकली नव्हती, तिच्या आईशी ती बोलायची.

“माय नही त्या घरमा मन्हा पाय पडत नही, आबा.”

तेराव्यानंतर निघाली तेव्हाच तिनं ठरवलं होतं म्हणे. दीपनगरचं घर तिचं होतं. ते सुटलं. सोनगीरचं घर मी बांधलं, पण तिथे तिचं बालपण नाही, मैत्रीण नाही, तिच्या हातानं लावलेलं झाड नाही. तिथं होती फक्त आई. “मी घरी येत नव्हते आबा, मी तिच्याकडे येत होते. आता ती नाही, तर मी तिथं येऊन कुणाच्या घरी उतरू?” मग घाईनं म्हणाली, “तुम्ही आहात. तुमच्याबद्दल नाही म्हणत मी.” पण बोलून गेली होती. लागलं. बापाला लागायचं तेवढं लागलं.

आणि लागल्याबरोबर माझ्या लक्षात आलं की ती म्हणते ते खरं आहे आणि ते मलाही तसंच वाटतं. मी म्हटलं, “पोरी, खरं सांगू? तुला न्यायला आलो म्हणतो, पण मलाच तिथं आखाजी काढवत नाही. घागर भरायची, निखाऱ्यावर घास टाकायचा, तिचं नाव घ्यायचं, आणि मग ते ताट घेऊन एकट्यानं जेवायला बसायचं. मला भीती वाटते त्या दिवसाची.”

हे मी दिवाळीपासून कुणाला बोललो नव्हतो. तिनं माझा हात धरला. म्हणाली, “मग नका जाऊ. इथंच थांबा. इथं भरू घागर.”

एक क्षण मला हो म्हणावंसं वाटलं. सिलिंडरांची खोली चालेल, हापूस चालेल, फोटो काढत बसेन लोकांचे. पण घागर ज्या घरातून माणूस गेलं त्याच घरात भरतात. हिची आई तहानलेली येणार ती सोनगीरच्या दारात येणार. तिला हे गाव माहीत नाही, हा समुद्र तिनं पाहिलेला नाही, तिनं मला शोधायचं कुठे? मी असं बोललो तेव्हा लेकीनं मान हलवली. तिला पटलं, कारण ती तिच्याच आईची पोर आहे.

“तू चल मग,” मी शेवटचं विचारलं.

ती उठली आणि पायाची वाळू झटकू लागली. मी पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी होती. जावयानं पिशवीत आंबे भरले, घागरीपुढे ठेवायला, आणि नव्या चपला आणून दिल्या. लेकीनं मी आणलेलं लुगडं नेसलं होतं. पोपटी रंग तिला अजिबात शोभत नव्हता, तिची आई असती तर मला दारातच थांबवलं असतं. स्टँडवर ती माझ्याबरोबर आली. बाकावर बसलो. पाहुण्यांचे फोन येत होते, ती उचलून ‘चौकटीच्या अलीकडे डावीकडे वळा’ असं सांगत होती. दोनतीनदा तिनं माझ्याकडे पाहिलं, काही बोलणार असं वाटलं, आणि पुन्हा फोन वाजला.

गाडी लागली. मी चढलो, खिडकीशी बसलो. शेजारची सीट रिकामी होती, तिथे पिशवी ठेवली. ती खाली उभी राहून खिडकीची सळई धरून होती. ड्रायव्हरनं गाडी चालू केली तेव्हा ती बोलली.

“आबा, पुढच्या वर्षी याल ना? मी आले नाही तरी न्यायला येत जा.”

 गाडी हलली, तिचा हात सळईवरून सुटला आणि ती दोन पावलं गाडीबरोबर चालली.

“येईन,” मी म्हटलं. “दर आखाजीला येईन. तू खुशाल ‘नाही’ म्हणत जा.”